कडेची लोकर

ऑगस्टात, रात्री दहाच्या सुमारास,
फ्रेझरबर्गच्या आमच्या आभाळात दोघे एका उंचीवर येतात:
नैऋत्येला उतरत चाललेला ओमेगा, नरतुरंगातला,
आग्नेयेला चढणारा सत्तेचाळीस, कारंडवातला.
काट्यावर लोकरीची दोन गाठोडी ठेवावीत तसे.
अर्धा तास. मग काटा कलतो.

नुसत्या डोळ्यांना दोन्ही तारेच,
जरा विस्कटलेले,
चष्मा न पुसता पाहिल्यासारखे.

माझ्या दुर्बिणीला मोटार नाही.
नळी सांडपाण्याच्या पाइपची, बैठक मोडक्या दाराची.
ती आभाळामागे धावत नाही. मी तिला रोखून धरते
आणि आभाळालाच चालू देते.
गुच्छाची पहिली भुकटी कडेला टेकली, की घड्याळ सुरू.
शेवटचा कण पलीकडे गेला, की बंद.

पहिल्या हिवाळ्यात, एक्याण्णव साली:
ओमेगा दोनशे तेरा सेकंद,
सत्तेचाळीस तीनशे नव्वद.
मी हरखून लिहून टाकलं, कारंडवातला जवळजवळ दुप्पट!
पोस्टातल्या फोर्तेइननं ते वाचलं
आणि तो हसला नाही, हे त्याचे उपकार.
म्हणाला, मिस मीना, खळ्यात मेढीपाशी जुंपलेलं खेचर
सावकाश पावलं टाकतं.
ध्रुवाजवळच्यांचं तसंच. वेळ जास्त लागते,
वाट जास्त नसते.
त्यानं दिलेला कोसाइनचा तक्ता
अजून बिस्किटांच्या डब्यात आहे.
गुणून भागून ओमेगा छत्तीस कला, दुसरा तीस.
पौर्णिमेचा चंद्र एकतीस.

मग वहीत ओमेगापुढे
पस्तीस. तेहतीस. एका वर्षी बर्फ, नोंद नाही. तीस.
आज एकशे साठ सेकंद,
म्हणजे सत्तावीस.
परक्या कुणी ही वही वाचली तर म्हणेल,
बिचारा विरत चाललाय.
ओमेगाचा एक ताराही हललेला नाही.
माझ्याच डोळ्यातली बाहुली
आता रात्री दार पुरतं उघडत नाही.

चाळीस वर्षं मी कातरणीच्या शेडमध्ये प्रतवारी केली.
मेंढीचा अख्खा झगा टेबलावर फेकला जायचा, उलगडायचा,
आणि मी कडा तोडायचे:
काटे, लेंड्या, घामानं पिवळी पडलेली लोकर.
चांगली कुठे संपते ते माझ्या अंगठ्याला
मिटल्या डोळ्यांनी कळायचं.
इथे ते एकदाही जमलं नाही.
मधला भाग कुणालाही दिसतो, तो ढीगच आहे उजेडाचा.
थोरल्या-धाकट्याचं सगळं भांडण
त्या कडेवर, जी मी जन्मभर
टेबलाखाली टाकत आले.

आज शेजारचा एल्रिको आला, आमचं पातेलं परत द्यायला.
अकरा वर्षांचा, नाक वाहतं, टोपी बापाची.
म्हटलं, बघ इथे. संपला की थांब म्हण.
तो वाकला आणि गप्प झाला.
मला वाटलं झोपला.
एकशे साठ गेले. दोनशे गेले.
अजून आहे, आंटी.
पवनचक्कीचं पातं कुरकुरलं, पुन्हा गोठलं.
अजून आहे.
दोनशे चाळीसला म्हणाला, थांब.
चाळीस कला, वर थोडं.
नक्की संपला का रे तिथे?
नाही, म्हणाला, मान दुखली.

मी शाईनं सत्तावीस लिहिले.
त्याखाली पेन्सिलीनं चाळीस, आणि त्याचं नाव.
खरं कुठलं, ते लिहायला वहीत रकाना नाही.

तोवर काटा कलला होता,
सत्तेचाळीस बराच वर.
त्यालापण मोजू? त्यानं विचारलं.
मी घड्याळ त्याच्या हातात दिलं
आणि कॉफीचं पाणी ठेवायला आत गेले.
खिडकीतून ऐकू येत होतं:
घड्याळ विसरून तो तोंडानंच मोजत होता,
मोठ्यानं,
तीनशेच्या पुढे त्याचे आकडे चुकतात, तरी.